आबाजींचा रेडिओ नाकातून का बोलतो?

राम राम मंडळी! हा आमच्या आबाजींचा वाल्वचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, जुना रेडिओ. ५८५ किलोहर्ट्झवर नागपूर लावलंय. ऐका जरा.

(दहा सेकंद फक्त रेडिओ)

नाकातून बोलते ना? वाल्व बदलले, कंडेन्सर बदलले, फरक शून्य. शेवटी दोष माझाच निघाला. एक नाही, दोन.

पहिला इथं. (स्पीकर कॅमेऱ्याजवळ) हा कागदी शंकू हलून आवाज काढतो, त्याला कोन म्हणतात. कोनाच्या काठावर ह्या बारीक चुण्या दिसतात? ह्यात वेगळं रबर नाही, फोम नाही, कोनाचाच कागद चुणलेला. मागं स्पायडर, म्हणजे लवचिक चकती, तो कोनाला जोडलेल्या तारेच्या कॉइलला चुंबकाच्या फटीत बरोबर मधात धरतो. दोन्ही मिळून कोनाची स्प्रिंग. भजनातला पखवाज ताणला की सूर चढतो ना, तसंच स्प्रिंग कडक झाली की स्पीकरचा स्वतःचा सूर चढतो, अन् त्याच्या खालचा खर्ज झपाट्यानं पडतो. खर्ज गेला की आवाज नाकातला.

आता आपला उन्हाळा ४५ अंशांचा. कागद वाळून चुणीवरच फाटला. मी शहाणा, लाकडाचा पांढरा गोंद थापला. फाट बुजली, पण चुण्या दगड झाल्या! पतंगीच्या कागदाचा तुकडा अन् वाळल्यावरही मऊ राहणारं रबरी सोल्यूशन, नखभर, बस होतं. अन् हात घालण्याआधी पिन काढा, बाप्पा. काही जुन्या स्पीकरांचं चुंबक विजेवर चालते, त्याच्या कॉइलवर शेकडो व्होल्ट असतात.

दुसरा दोष पेटीचा. मागचा भोकांचा पुठ्ठा उंदरांनी कुरतडला, म्हणून मी प्लायवूड ठोकून पाठ बंद केली. कोनाच्या मागून निघणारी लाट पुढच्या लाटेच्या उलटी असते. खर्जात ती पेटीला वळसा घालून पुढं येते अन् पुढचीला खाते. १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटरच्या आसपास, पेटी जेमतेम दोन फूट! मग पाठ बंद केलेली बरीच, नाही? मलाही तेच वाटलं. पण एवढ्याशा पेटीत कोंडलेली हवा म्हणजे कोनाला आणखी एक स्प्रिंग. सूर अजून वर, अन् वाल्व तापले ते वेगळंच. हा स्पीकर उघड्या पाठीसाठीच बसवलेला. पेटी मोठी तर वळसा लांब, म्हणून मोठा लाकडी सेट छोट्या बॅकेलाइटवाल्यापेक्षा, म्हणजे जुन्या कडक प्लॅस्टिकवाल्यापेक्षा, भारदस्त वाजते.

आता प्लाय काढली. भिंतीपासून वीतभर पुढं. ऐका.

(रेडिओ)

थोडा खर्ज परत आला. बाकीचा गोंदाखाली अडकलाय. कागद वाचला तर पुढच्या व्हिडिओत दाखवतो.