झिरो ट्रस्ट: छोट्या कंपनीने सुरुवात कुठून करायची?

नमस्कार मंडळी! आज झिरो ट्रस्टबद्दल बोलूया, म्हणजे आत आहे एवढ्यावरून कोणावरही विश्वास न ठेवता प्रत्येक वेळी तपासायचं, आणि हा व्हिडिओ मुद्दाम छोट्या कंपन्यांसाठी आहे, जिथे दहा-वीस-पन्नास माणसं असतात, वेगळी सिक्युरिटी टीम नसते आणि जो कॉम्प्युटरमधलं थोडंफार जाणतो त्याच्याकडेच सगळे पासवर्ड असतात.

आधी एक उदाहरण सांगतो. मे 2021 मध्ये अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन बंद पडली. पूर्व किनाऱ्यावरचं जवळपास निम्मं इंधन या लाइनमधून जातं, आणि हॅकर आत शिरले ते एका जुन्या व्हीपीएन अकाउंटवरून, म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायच्या लॉगिनवरून. ते अकाउंट कोणी वापरत नव्हतं, पण बंदही केलेलं नव्हतं, आणि लॉगिनला ओटीपी वगैरे काही नाही, नुसता पासवर्ड. पासवर्ड साधासुधा नव्हता असं कंपनीच्या सीईओंनी सिनेटपुढे सांगितलं, पण तो बाहेर फुटल्यावर अवघड काय आणि सोपा काय, सारखंच. खंडणीपोटी सुमारे 44 लाख डॉलर मोजावे लागले.

मूळ घोळ असा आहे की बहुतेक ऑफिसमध्ये एकदा नेटवर्कच्या आत आलात की तुम्ही आपलेच! मग फाइल सर्व्हर उघडतो, शेअर्ड फोल्डर दिसतात, आणि रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, एका लॅपटॉपवरून सगळीकडे पसरतं. 2010 मध्ये फॉरेस्टर या रिसर्च कंपनीच्या जॉन किंडरवॅग यांनी या गृहीतकालाच हात घातला आणि झिरो ट्रस्टची कल्पना मांडली. पुढे 2020 मध्ये अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने त्यावर सविस्तर डॉक्युमेंट काढलं, त्यातही हेच आहे की ऑफिसच्या नेटवर्कवर आहे एवढ्यावरून कोणाला काही उघडून द्यायचं नाही. माणूस कोण, डिव्हाइस कुठलं आणि ते अपडेटेड आहे का, मागतोय काय, हे तपासायचं आणि तेवढ्यापुरतंच द्यायचं.

आता लगेच कोणीतरी तुम्हाला झिरो ट्रस्टचा बॉक्स विकायला येईल. थांबा! आधी एक शीट उघडा आणि कंपनीतली सगळी अकाउंट्स लिहून काढा, ईमेल, क्लाउड ड्राइव्ह, अकाउंटिंग, वेबसाइट, डोमेन, व्हीपीएन, आणि प्रत्येकासमोर लिहा की हे आज कोण कोण उघडू शकतं. हे काम कंटाळवाणं आहे पण माझ्या मते निम्मी सुरक्षा इथेच आहे, कारण सोडून गेलेल्या माणसांची चालू अकाउंट्स आणि तिघांनी मिळून वापरलेला एकच अॅडमिन पासवर्ड, हे सगळं या शीटमध्येच सापडतं. नको ते बंद करा. शेअर्ड लॉगिन मोडून ज्याचं त्याला वेगळं द्या, नाहीतर उद्या काही झालं तर लॉग बघूनसुद्धा कळणार नाही की कोणी केलं.

मग एमएफए, म्हणजे पासवर्डसोबत ओळखीचा आणखी एक पुरावा मागणं, आणि त्यात पहिला नंबर ईमेलचा. का? कारण बाकी सगळ्याचे पासवर्ड रीसेट तिथेच येतात, ईमेल गेला की सगळंच गेलं. एसएमएसवरचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा नक्कीच चांगला, पण खोट्या लॉगिन पेजवर माणूस पासवर्ड टाकतो तसा ओटीपीही टाकतो आणि समोरचा तो लगेच खऱ्या साइटवर वापरतो. पासकी म्हणजे पासवर्डऐवजी फोन किंवा लॅपटॉपमध्ये ठेवलेली डिजिटल किल्ली, तिचं तसं होत नाही, ती ज्या साइटसाठी बनवली तिथेच चालते, खोट्या पेजवर ती पुढे येतच नाही. म्हणून जिथे पासकीचा पर्याय असेल तिथे तीच घ्या.

रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर अॅडमिन राइट्स, म्हणजे काहीही इन्स्टॉल करायची किंवा सेटिंग बदलायची परवानगी, ठेवू नका. गेस्ट वायफाय वेगळं, कॅमेरे आणि प्रिंटर वेगळ्या नेटवर्कवर, बऱ्याच राउटरमध्ये ही सोय असते.

आणि बाहेरचे व्हेंडर! 2013 मध्ये टार्गेट या मोठ्या रिटेल कंपनीतून सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, तिथे हॅकर आत आले होते ते एसी-रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या व्हेंडरचं लॉगिन चोरून. तुमचं सॉफ्टवेअर बघणारा, वेबसाइट सांभाळणारा, यांना काम असेल तेव्हा अॅक्सेस द्या, ज्या सिस्टिमचं काम आहे तेवढ्याचाच द्या, आणि काम झालं की काढून घ्या. कायमचं चालू असलेलं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायची सोय, इंटरनेटवर उघडं असेल तर हा व्हिडिओ पॉज करून आधी ते बंद करा, खरंच.

शेवटची अडचण सहसा मालकाकडूनच येते, की मला हे कोड-बिड नको, माझं तसंच राहू दे. पण पेमेंटला होकार देणारा ईमेल मालकाचाच असतो, त्यामुळे फसवणारे आधी तोच शोधतात, त्या नावाने अकाउंट्सवाल्याला मेसेज टाकतात की एवढे पैसे लगेच पाठव. म्हणून पहिली पासकी मालकाच्या ईमेलवर लावा, आणि बँक डिटेल्स बदलल्याचा मेल आला तर आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत, मेल मालकाचा असला तरी.