राष्ट्राध्यक्षांची सही आणि ग्वांतानामोचा खटला

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेशावर सही केली, अशी बातमी हल्ली वरचेवर कानावर येते. त्या सहीत दम किती, हे लष्करी कायद्यात फार चांगलं दिसतं.

अमेरिकी सैन्याचा फौजदारी कायदा त्यांच्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, १९५० मध्ये केला. पण कोर्ट मार्शल चालवायचं कसं, पुरावा कोणता धरायचा, शिक्षेची कमाल मर्यादा काय, हे ठरवणारं जाडजूड नियमपुस्तक राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं निघतं आणि बदलतंही आदेशानंच. जानेवारी २०२२ मध्ये बायडेन यांच्या सहीनं लैंगिक छळ हा त्यात गुन्हा म्हणून नोंदला गेला. काँग्रेसनंच तसं सांगितलं होतं, त्यामुळे कुणाची हरकत असायचं कारण नव्हतं.

हरकत येते ती राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या जोरावर पुढे जातात तेव्हा. १३ नोव्हेंबर २००१ रोजी, न्यूयॉर्कच्या हल्ल्याला दोन महिने होतात न होतात तोच, जॉर्ज बुश यांनी एक लष्करी आदेश काढला. दहशतवादाचा संशय असलेल्या परदेशी माणसांवर खास लष्करी आयोगापुढे खटला चालेल. नेहमीच्या न्यायालयातले पुराव्याचे नियम तिथे लागू नाहीत. दोन तृतीयांश सदस्यांचं मत पडलं की दोषी. नमुना होता रूझवेल्ट यांच्या १९४२ च्या आदेशाचा. तेव्हा घातपातासाठी अमेरिकेत उतरलेल्या आठ जर्मन हस्तकांवर जुलैमध्ये खटला चालला आणि ८ ऑगस्टला त्यातल्या सहा जणांना विजेच्या खुर्चीवर देहदंड दिला गेला. सर्वोच्च न्यायालयानं आयोगाला मान्यता दिली होती खरी, पण त्या निकालाची सविस्तर कारणं आली ऑक्टोबरात. माणसं गेल्यावर! असला दाखला पुढे करताना बुश यांच्या वकिलांनी जरा दहादा विचार करायला हवा होता, असं मला वाटतं.

बुश यांच्या आदेशाखाली ग्वांतानामोत, म्हणजे क्युबातल्या अमेरिकी नौदल तळावरच्या तुरुंगात, उभा केलेला एक आरोपी म्हणजे सलीम हमदान. येमेनचा माणूस, ओसामा बिन लादेनचा ड्रायव्हर. त्याच्या बचावासाठी नेमले गेले नौदलाचेच अधिकारी चार्ल्स स्विफ्ट. लष्करानं दिलेला वकील म्हटल्यावर तो मुकाट्यानं तडजोड करेल, असा कुणाचाही समज व्हावा. पण स्विफ्ट यांनी उलट आयोगालाच आव्हान दिलं. गणवेशातला अधिकारी आपल्याच सरसेनापतीच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या, आदेशाविरुद्ध! २९ जून २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला: हे आयोग १९५० च्या कायद्यात बसत नाहीत आणि युद्धात पकडलेल्यांना कसं वागवायचं हे सांगणाऱ्या जिनिव्हा करारातही बसत नाहीत. सरन्यायाधीश रॉबर्ट्स बाजूला राहिले होते, कारण खालच्या न्यायालयात असताना याच खटल्यात त्यांनी सरकारच्या बाजूनं मत दिलं होतं. स्विफ्ट यांना मात्र पुढची बढती मिळाली नाही आणि त्यांना नौदल सोडावं लागलं.

इथे आदेश हरला, असं आपण म्हणू. पण त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला बुश यांनी पुन्हा सही केली, या वेळी काँग्रेसनं मंजूर केलेल्या कायद्यावर. काही दुरुस्त्या झाल्या, पण आयोग राहिले. आदेशाचा खरा जोर मला यात दिसतो. न्यायालयानं तो खोडला तरी वादाचं मैदान त्यानं आखून दिलेलं असतं आणि पुढची लढत त्याच मैदानात होते.

दुसऱ्या बाजूला ओबामांचा आदेश पाहा. २२ जानेवारी २००९, सत्तेवर आल्यावर तिसऱ्याच दिवशी: ग्वांतानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करा. काँग्रेसनं कैदी अमेरिकेत हलवायला पैसाच नाकारला आणि सही कागदावर राहिली. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी तुरुंग चालूच ठेवण्याचा आदेश काढला. हमदान तोवर केव्हाच येमेनला परतला होता. नव्या कायद्याखालच्या आयोगानं त्याला दिलेली शिक्षाही २०१२ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं रद्द केली: ज्या कृत्यासाठी त्याला दोषी धरलं, ते त्यानं केलं तेव्हा युद्धगुन्हा नव्हतंच.