मे महिन्यात घर बदलताय? मग हे बघून घ्या

नमस्कार मंडळी. मागे खोके दिसतायत त्यांच्याकडे दुर्लक्ष करा, ते अजून उघडायचेत. आम्ही साताऱ्याहून पुण्यात, नऱ्ह्याला राहायला आलोय. मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. आणि आलोय ते ऐन मे महिन्यात, कारण आपल्याकडे बिऱ्हाड हलवायचं म्हटलं की मेच. महाराष्ट्र दिनाच्या आसपास मुलांचा निकाल लागतो, जूनच्या मध्याला शाळा उघडतात, त्या मधल्या फटीत सगळं बसवायचं. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात म्हणून तिकडच्या मंडळींना थोडी जास्त सवड असते. पण नागपूरच्या उन्हात कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायचं म्हणजे... असो.

आज सांगायचंय ते एवढंच, की मे महिना नव्या भागाबद्दल काही गोष्टी अगदी खऱ्या सांगतो आणि काही साफ दडवतो. घर बघताना हा फरक डोक्यात ठेवा.

खरं काय सांगतो? पाणी. नऱ्हे २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं, एकूण तेवीस गावं आली तेव्हा. त्याआधी २०१७ मध्ये अकरा गावं घेतली होती. हद्द वाढली, पण घराघरांत पाइपलाइन तेवढ्या वेगाने पोहोचत नाही, त्यामुळे या पट्ट्यात कितीतरी सोसायट्या आजही बोअर आणि टँकरवर चालतात. पावसाळ्यानंतर घर बघायला आलात तर सगळीकडे पाणीच पाणी दिसेल. मेमध्ये मात्र लपवायला जागा नसते.

म्हणून पाण्याबद्दल एजंटला विचारू नका. मालकालाही नको. वॉचमनला विचारा. टँकर दिवसाला किती येतात, रात्री येतात का, आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे काढतात? तो सगळं सांगतो, कारण झाकण उघडायला रात्री त्यालाच उठावं लागतं. मग आत जाऊन बाथरूमचा नळ बघा. तोंडाशी पांढरी खपली बसलेली असेल, शॉवरची निम्मी भोकं बुजलेली असतील, तर बोअरचं जड पाणी आहे. गिझर, वॉशिंग मशीन, केस, सगळ्यांना ते भोवणार.

आणि पिण्याचं पाणी उकळून प्या. फिल्टर बसला नसेल तोवर तर नक्कीच. २०२५ च्या सुरुवातीला इथेच शेजारी, नांदेड, किरकटवाडी, सिंहगड रस्ता या भागात जीबीएसचे, म्हणजे हातापायांतली ताकद घालवणाऱ्या गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडले, तेव्हा संशय पहिला पाण्यावरच गेला होता. घाबरवत नाहीये, पातेलं गॅसवर चढवा एवढंच म्हणतेय.

आता मे काय दडवतो ते बघू. पहिलं म्हणजे रस्ता. एजंट म्हणतो, "मॅडम, नवले पूल इथनं पाच मिनिटं." खरंय, मेमध्ये पाचच मिनिटं. शाळा बंद, कॉलेजं बंद, निम्मं पुणं गावाला गेलेलं. जूनमध्ये स्कूलबस, व्हॅन, पाऊस आणि खड्डे एकदम रस्त्यावर येतात, आणि बेंगळुरू हायवेची वाहतूक आहेच. म्हणून मुलांची शाळा ठरवताना मेमधली वेळ दुप्पट धरा. मी तर म्हणते, हायवे ओलांडावा लागणार नाही अशी शाळा मिळत असेल तर चार गोष्टी कमी असल्या तरी तीच घ्या.

दुसरं, ओल. मेमध्ये भिंत कोरडी ठणठणीत असते. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, तेव्हा पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत नीट बघा. एकाच भिंतीला ताजा रंग, किंवा खिडकीखाली पुट्टीचा थिगळासारखा पट्टा दिसला, की मालकाला तिथेच विचारायचं. वळवाची एखादी सर आली तर त्याच दिवशी घर बघायला जा. मोफत तपासणी होते.

आता कागदपत्रं. ह्यात सगळ्यात जपायचा कागद म्हणजे मुलांचा दाखला. (दाखल्याची झेरॉक्स कॅमेऱ्यासमोर धरून) हा बघा. नाव आणि तारखा झाकल्यात. शाळा सोडल्याचा दाखला आपण घाईत घेतो, घडी घालतो, पर्समध्ये टाकतो. तसं करू नका. ऑफिसच्या खिडकीशीच उभं राहून वाचा. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आधारवर आहे तसंच अक्षरन् अक्षर आहे का? जन्मतारीख अंकी आणि अक्षरी जुळते का? जन्मस्थळ लिहिलंय का? जात-पोटजातीचा रकाना तर दोनदा वाचा. पुढे जात पडताळणीला हाच दाखला पुरावा म्हणून लागतो, आणि तेव्हा एका काना-मात्रेसाठी हेलपाटे घालावे लागतात. इथे वर सरलचा, म्हणजे राज्याच्या शाळांच्या ऑनलाइन नोंदणीचा, स्टुडंट आयडी असतो, तो नव्या शाळेला लागणार. ऑनलाइन नोंदही जुन्या शाळेकडून नव्या शाळेकडे जावी लागते, त्याचा पाठपुरावा दोन्हीकडे आपणच करायचा.

मूळ दाखला नवी शाळा ठेवून घेते. म्हणून आधी झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा. आणि मेच्या पहिल्याच आठवड्यात जा. नंतर क्लार्क सुट्टीवर, मुख्याध्यापक गावाला, शिक्का कपाटात.

एक गोष्ट बऱ्याच पालकांना माहीत नसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, कलम पाचमध्ये, स्पष्ट म्हटलंय की मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला उशिरा आला या कारणावरून सरकारी किंवा अनुदानित शाळेने प्रवेश अडवायचा नाही. हे आठवीपर्यंत. कुणी अडवलं तर आवाज न चढवता कलमाचा आकडा सांगा.

घराचा करार. "अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी करून टाकू" असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. खर्चाचं गणितही ऐकून ठेवा. भाडं सोळा हजार, डिपॉझिट पन्नास हजार, अकरा महिने. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही त्यात. म्हणजे साडेचारशेच्या घरात. वर शहरात नोंदणी फी हजार रुपये. बाकी जे काही सांगतील ती एजंटची मजुरी. ती द्या, पण कशाची देतोय ते माहीत असू द्या. हा करार हातात आला की आधारचा पत्ता, मतदार यादीसाठी फॉर्म आठ, बँक, सगळं त्याच्या मागे सुटतं.

गॅसचं पटकन. गाव बदललं की सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करायचे, ट्रान्सफरचा कागद घ्यायचा. शेगडी आपलीच. जुनं कनेक्शन असेल तर डिपॉझिट जुन्या दराने परत मिळतं आणि इथे नव्या दराने भरावं लागतं, त्याची तयारी ठेवा. मधल्या दिवसांसाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो.

आणि सासूबाईंचं काय? मुलांना पार्किंगमध्ये क्रिकेट सापडलं, आम्हा दोघांना कामं. त्यांना इथे कुणी ओळखीचं नाही. पण त्यांनी आल्या आल्या गहू भिजत घातले. मे आहे, कुरडया व्हायला नकोत? तीन दिवस गहू, रोज पाणी बदलायचं, तेही टँकरच्या दिवसांत. मी कपाळाला हात लावला. चीक शिजला आणि कळलं, गच्चीला कुलूप. किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी गावाला. मग चौथ्या मजल्यावरच्या काकूंकडे दुसरी किल्ली निघाली, त्यांनी सोऱ्याही आणला, त्यांच्या जाऊबाई आल्या. दुपारपर्यंत जुन्या साडीवर कुरडयांच्या रांगा, आणि आमच्या आईंना अख्ख्या बिल्डिंगची माहिती. कुणाकडे कामाला बाई चांगली, कुठला डॉक्टर फोन उचलतो, दळण कुठे बारीक मिळतं. स्कूलव्हॅनवाल्या काकांचा नंबरसुद्धा तिथूनच आला, मी पंधरा ग्रुपवर विचारत बसले होते तो.

तुमच्याकडे दहा हजार लिटरचा टँकर सध्या कितीला पडतोय ते भागाच्या नावासकट खाली लिहा. आमच्या सोसायटीची मीटिंग रविवारी आहे, मला तिथे आकडे हवेत.