टायमिंग बेल्टवर फिरणारा वॉटर पंप

[दृश्य: उघडलेलं बॉनेट, इंजिनाची उजवी बाजू]

छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेल्या जुन्या स्कोडा ऑक्टाव्हियांपैकी अनेकींत १.९ लिटरचं टीडीआय (टर्बो डिझेल) इंजिन आहे. इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरवणारा त्याचा वॉटर पंप बाहेरून दिसत नाही. तो टायमिंग कव्हरच्या आत असतो आणि क्रँक व व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट जुळवून फिरवणारा टायमिंग बेल्टच त्यालाही फिरवतो. अल्टरनेटरच्या बेल्टवरचा पंप अडकला, तर वेळीच गाडी थांबवून इंजिन वाचवता येतं. इथे बेअरिंग जाम झालं की टायमिंग बेल्टचे दात उडतात, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि थेट हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवावं लागतं. या पंपात पैसे वाचवायला जाऊ नका.

[दृश्य: कूलंटची टाकी, मग कव्हरखाली टॉर्चचा उजेड]

टाकीतलं कूलंट हळूहळू कमी होतंय, पण जमिनीवर थेंब नाही? टायमिंग कव्हरचा खालचा भाग पाहा. सील झिजलं की कूलंट झिरपतं, गरम इंजिनावर सुकतं आणि मागे गुलाबी-पांढरा थर राहतो.

दुसरं लक्षण फसवं आहे. गळती नाही, टाकी भरलेली, तरी घाटात तापमानाचा काटा वर चढतो आणि हीटरमधून गार हवा येते. अशा वेळी बहुतेक जण आधी थर्मोस्टॅट (तापमानानुसार रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बदलतात. पण थर्मोस्टॅट बंद अडकला तरी या इंजिनात हीटरकडे गरम पाणी जात राहतं. हीटरच गार असेल आणि कूलंटमध्ये हवा अडकलेली नसेल, तर पाणी फिरतच नाहीये. जुन्या पंपांचा प्लास्टिकचा इम्पेलर (पाणी ढकलणारी पाती असलेलं चाक) तडकून शाफ्टवर सैल होतो; पुली फिरते, इम्पेलर जागेवरच.

[दृश्य: जुना आणि नवा पंप शेजारी शेजारी]

म्हणून धातूचा इम्पेलर असलेला, नावाजलेल्या कंपनीचा पंप घ्या. दुकानातच एका हाताने पुली धरून इम्पेलर फिरवून पाहा. जराही सरकला तर परत करा. पुलीचे दात जुन्या पंपाशी मोजून जुळवा. सोबत बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) नवेच घ्या, कारण मजुरी तीच लागते. कूलंटने भिजलेला बेल्ट पुन्हा चढवायचा नाही. इंजिन माउंटिंगचे (इंजिन गाडीला धरणाऱ्या आधाराचे) बोल्ट कसताना ताणले जातात, तेही नवे हवेत.

[दृश्य: जॅकवर टेकवलेलं इंजिन]

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचा खालचा होज काढून कूलंट रिकामं करा. ऑइल पॅनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने इंजिन तोला आणि मगच उजवं माउंटिंग सोडा. बेल्ट त्याच्या भोवतीने जातो. बेल्ट काढण्याआधी फ्लायव्हीलची खूण जुळवा, कॅमशाफ्टला पट्टी आणि डिझेल पंपाला पिन लावून दोन्ही लॉक करा. नुसत्या रंगाच्या खुणांवर विसंबू नका.

पंपाला तीनच बोल्ट आहेत. पंप सुटताना ब्लॉकमध्ये उरलेलं कूलंट बाहेर येतं, खाली ट्रे ठेवा. ब्लॉकवर ओ-रिंग (पंपाचं गोल रबरी सील) टेकते ती जागा गंज काढून गुळगुळीत करा. तिथे राहिलेला कण पुढे गळतीच बनतो. ओ-रिंग कूलंटने ओली करा. सिलिकॉन अजिबात लावू नका. सुटलेला तुकडा हीटरच्या बारीक नळ्यांत अडकतो. पंपावरचं बूच खाली येईल असा तो बसवा आणि बोल्ट टॉर्क पान्याने आळीपाळीने १५ न्यूटन-मीटरला कसा.

बेल्ट ताणल्यावर सगळे लॉक काढा, क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा तपासा. फिरवताना अडलं तर जोर लावू नका, टायमिंग चुकलंय.

[दृश्य: टाकीत ओतलं जाणारं गुलाबी कूलंट]

भरताना जी-१२ जातीचं गुलाबी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, मिळून साधारण ६ लिटर. बोअरच्या पाण्याने आत क्षार साचतात, आणि हिरवं कूलंट मिसळलं तर तपकिरी गाळ होतो. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, खालचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पाहा. थोडी उतरली असेल तर अडकलेली हवा निघाली आहे, तेच मिश्रण भरा. त्यानंतरही रोज उतरत राहिली, तर कव्हर पुन्हा उघडून ओ-रिंग तपासावी लागेल.