साठ कार्डांचा डेक : शेवटची दहा कार्डं

[दृश्य: टेबलावर पसरलेली कार्डं, वरून कॅमेरा]

मॅजिक, पोकेमॉन, यु-गि-ओ अशा कार्डगेममध्ये प्रत्येकजण आपापला कार्डांचा गठ्ठा, म्हणजे डेक, स्वतः बांधून आणतो. आता टेबलावर सत्तरएक कार्डं आहेत आणि डेकमध्ये जागा साठची. सगळी चांगलीच आहेत, वाईट आधीच गेलीत. आता यातली दहा बाहेर काढायची आणि खरं काम इथून सुरू होतं, कारण आवडीची पन्नास कार्डं कोणीही निवडतो, पण एखादं भारी कार्ड हातात धरून "तू नको" म्हणणं भल्याभल्यांना जमत नाही. मग होतं काय, तर एकसष्ट कार्डांचा डेक. "एकच तर जास्त आहे" असं म्हणणारा माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच.

नियम सगळीकडे आडवा येतो असं नाही म्हणा. मॅजिक द गॅदरिंग हा रिचर्ड गारफिल्डचा 1993 चा गेम, त्यात किमान 60 कार्डं आणि बेसिक लँड (माना, म्हणजे कार्डं खेळायला लागणारी शक्ती, देणारी साधी कार्डं) सोडल्या तर एका नावाच्या जास्तीत जास्त 4 कॉपी. पोकेमॉनमध्ये बरोबर 60, एक कमी नाही एक जास्त नाही. यु-गि-ओमध्ये मेन डेक 40 ते 60 आणि एका कार्डच्या 3 कॉपी. म्हणजे दोन गेममध्ये जास्त कार्डं घालायला परवानगी आहे, तरी टूर्नामेंट खेळणारे बहुतेक जण किमान आकड्यालाच चिकटून असतात. का, ते सरळ हिशोबात दिसतं. यु-गि-ओत तुमच्या सगळ्यात महत्त्वाच्या कार्डच्या 3 कॉपी आहेत आणि डेक 40 चा आहे, तर सुरुवातीच्या 5 कार्डांत त्यातली एखादी तरी येण्याचा चान्स साधारण 34 टक्के. तोच डेक 60 चा केला की 23 टक्के. कार्ड तेच, कॉपी तेवढ्याच, आपणच मध्ये गर्दी करून ठेवली.

[दृश्य: सात कार्डांचा हात, एकेक उलटलं जातंय]

आता कॉपी किती ठेवायच्या. "चांगलं कार्ड आहे ना, मग चार" असं नसतं ते. प्रश्न असा विचारायचा की हे कार्ड मला गेममध्ये कधी दिसायला हवं. पहिल्या हातातच, म्हणजे सुरुवातीला मिळणाऱ्या कार्डांतच, हवं असेल तर चार, कारण चार कॉपी घालूनही 60 च्या डेकमधून पहिल्या 7 कार्डांत ते दिसण्याचा चान्स फक्त 40 टक्क्यांच्या आसपास असतो, बऱ्याच जणांना हा आकडा ऐकून धक्का बसतो. तीन कॉपी असतील तर साडेएकतीस, दोन असतील तर बावीस. एखादं कार्ड उशिरा लागतं, दोन एकदम आली तर एक हातात सडतं, अशाच्या दोन पुरतात. आणि एकच कॉपी ठेवायची असेल तर ती शोधून आणणारं दुसरं काहीतरी डेकमध्ये पाहिजे. पोकेमॉनमध्ये तर अजून एक भानगड आहे, सुरुवातीलाच 6 कार्डं प्राइझ म्हणून (नंतर जिंकून घ्यायची) बाजूला जातात, म्हणजे तुमचं ते एकुलतं एक कार्ड तिथे अडकण्याची शक्यता 10 टक्के. ज्या कार्डशिवाय डेक चालतच नाही ते एकट्याने ठेवलंत तर डेक पहिल्यांदा शोधायला उघडता तेव्हा प्राइझमध्ये काय गेलंय ते मोजायची सवय लावून घ्या.

मॅजिकवाल्यांची खरी डोकेदुखी म्हणजे लँड. कंटाळवाणा विषय वाटतो पण सगळ्यात जास्त मॅच इथेच हरल्या जातात. 24 लँडचा डेक घ्या, पहिल्या सात कार्डांत एक किंवा शून्य लँड येण्याचा चान्स 14 टक्के, म्हणजे साधारण सातातला एक हात गेला. 20 लँड केल्या की तेच 25 टक्के होतात, चारातला एक हात. पण उलट बाजू पण बघा, पाच किंवा जास्त लँड येऊन हात तुंबण्याचा चान्स 24 ला 8 टक्के आणि 20 ला साडेतीन. मग 20 कोणाला परवडतात? ज्याची कार्डं एक-दोन मानात खेळून होतात त्याला. लँडचा आकडा हवेत ठरत नाही, बाकीच्या कार्डांची किंमत, म्हणजे ती खेळायला किती माना लागतो, ते बघून ठरतो. त्यामुळे पाच मानाचं एक झकास कार्ड आत घातलं आणि लँड तेवढ्याच ठेवल्या तर आपण डेक सुधारला नाही, फक्त जड केला.

रंगांचंही तेच, मॅजिकमध्ये माना वेगवेगळ्या रंगांचा असतो. डच खेळाडू फ्रँक कार्स्टन गणितातला माणूस, त्याने हे हिशोब नीट मांडून ठेवलेत. 60 च्या डेकमध्ये पहिल्याच टर्नला एका रंगाचं एक मानाचं कार्ड खेळायचं असेल तर त्या रंगाचे साधारण 14 सोर्स, म्हणजे त्या रंगाचा माना देणारी कार्डं, लागतात. दोन रंगांत दोन्हीकडची एक मानाची कार्डं घालणाऱ्यांनी हा आकडा बघून मग ठरवावं.

[दृश्य: कार्डं किमतीप्रमाणे उभ्या रांगांत लावलेली: एक, दोन, तीन, चार]

हे जे रांगा लावणं आहे ना, याला कर्व्ह म्हणतात, आणि याची एक मस्त जुनी गोष्ट आहे. 1996 साली अटलांटातल्या एका प्रो टूर क्वालिफायरमध्ये (मॅजिकच्या मोठ्या स्पर्धेची पात्रता फेरी) पॉल स्लाय नावाचा खेळाडू लाल डेक घेऊन दुसरा आला. डेक मुळात जे श्नायडरने बनवलेला, पण नाव पडलं स्लाय. त्यातली काही कार्डं बघून लोक हसले असते, आयर्नक्लॉ ऑर्क्स म्हणजे दोन मानाचा 2/2 (पॉवर, म्हणजे हल्ल्याची ताकद, 2 आणि सहनशक्ती 2), आणि समोरच्याची पॉवर 2 किंवा जास्त असेल तर हा ब्लॉकच, म्हणजे हल्ला अडवूच, शकत नाही. पण त्या डेकला ब्लॉक करायचंच नव्हतं! प्रत्येक टर्नला हातातला सगळा माना वापरला गेला पाहिजे आणि समोरच्याच्या 20 लाइफमधून काहीतरी कमी झालं पाहिजे, एवढाच हिशोब. मला वाटतं डेक बनवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी ती लिस्ट बघावी, कारण कार्ड एकटं कसं आहे आणि डेकमध्ये कसं आहे यातला फरक तिथे डोळ्यांना दिसतो.

आता टेस्टिंग. इथे लोक स्वतःला जाम फसवतात. दहा गेम खेळले, पाच हरले, की लगेच "डेक बेकार आहे" म्हणून आठ कार्डं बदलली. पण जो डेक खरोखर 60 टक्के जिंकतो तोही दहा गेममध्ये पाच किंवा त्याहून कमी जिंकण्याचा चान्स 37 टक्के असतो. दहा गेमचा निकाल म्हणजे काहीच नाही हो. निकालापेक्षा हे लिहून ठेवा की हरताना हातात कोणती कार्डं पडून होती. तेच कार्ड परत परत पडून राहिलेलं दिसलं की त्याची एक कॉपी कमी, आणि एका वेळी दोन-तीनच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळायचा मार्गच राहत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी मॅजिक आणि यु-गि-ओवाले अगदी हमखास विसरतात. मॅच बेस्ट ऑफ थ्री असते, पहिला गेम मेन डेकने, मग दुसरा आणि लागला तर तिसरा साइडबोर्डनंतर, म्हणजे बाजूला ठेवलेल्या राखीव कार्डांतून अदलाबदल केल्यावर. म्हणजे टूर्नामेंटमधले किमान निम्मे गेम बदललेल्या डेकने खेळले जातात, आणि घरी सराव मात्र सगळा पहिल्या गेमचा. साइडबोर्ड 15 कार्डांचा, तोही आदल्या रात्री घाईत भरलेला. त्यापेक्षा उलटं करून बघा. समोर कोणते डेक जास्त येतील त्यांची यादी काढा आणि प्रत्येकासमोर लिहा, काय आत, काय बाहेर. आत काय घ्यायचं ते पटकन सुचतं, पेन अडतं ते "बाहेर"च्या रकान्यात. एखाद्या मॅचअपला (समोरच्या एखाद्या डेकविरुद्ध) सहा कार्डं आत घ्यायचीत आणि बाहेर काढण्यासारखी तीनच सापडतायत तर साइडबोर्डच्या तीन जागा फुकट गेल्या, त्या दुसरीकडे वापरा. आणि अति पण करू नका, हल्ला करणाऱ्या डेकमधून दहा हल्ल्याची कार्डं काढून दहा उत्तरं (समोरच्याला रोखणारी कार्डं) भरली की तुमच्याकडे उत्तरं खूप असतात पण जिंकणार कशाने ते विचारू नका.

[दृश्य: स्लीव्ह घालणारे हात, गठ्ठ्याची कडा जवळून]

शेवटचा भाग सगळ्यात रटाळ, आणि शिक्षा मात्र इथेच बसते. ही कडा बघा. मधे बारीक फट दिसतेय ना, ते फॉइल (चकचकीत छपाईचं) कार्ड आहे, दमट हवेत वाकलंय. गठ्ठा कापताना बोट बरोबर तिथेच थांबतं, आणि जजच्या दृष्टीने ते मार्क्ड, म्हणजे न बघता ओळखता येणारं, कार्ड. मुद्दाम नाही केलं हे सांगून दरवेळी भागत नाही. साध्या कॉपी वापरा, सगळ्या स्लीव्ह (कार्डांची प्लास्टिकची पाकिटं) एकाच पॅकमधल्या नव्या. शफल पण नीट करा, कार्डांचे सात-आठ ढीग घालणं म्हणजे शफल नाही, ती फक्त मोजणी झाली. बायर आणि डायकोनिस या दोन गणितज्ञांनी 1992 मध्ये दाखवलं की 52 पत्ते नीट मिसळायला सात रिफल (गठ्ठ्याचे दोन भाग एकमेकांत मिसळणं) लागतात, आपल्याकडे तर 60 आहेत.

डेकलिस्ट, म्हणजे स्पर्धेत द्यायची आपल्या कार्डांची यादी, लिहिताना कार्डचं पूर्ण नाव आणि आकडा, मग बेरीज, मग प्रत्यक्ष कार्डं समोर ठेवून परत बेरीज. लिस्टवर एक आणि हातात दुसरं निघालं तर प्रकरण गेम लॉसपर्यंत, म्हणजे शिक्षा म्हणून एक गेम हरल्याचं धरण्यापर्यंत, जाऊ शकतं. मॅजिकमध्ये साइडबोर्डची छोटी चिठ्ठी दोन गेमच्या मध्ये बघता येते, गेम चालू असताना नाही. आणि मॅच संपली की, जिंकलात तरी हरलात तरी, उठायच्या आधी आत गेलेली कार्डं बाहेर काढून साइडबोर्ड 15 मोजायचा, मेन डेक 60 मोजायचा, मगच पुढच्या राउंडचं टेबल शोधायला जायचं.