पगार कॅननचा, गाणं व्हिकरचं

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत. आधी एक क्लिअर करतो, कॅनन म्हणजे कॅमेरा नव्हे आणि साधू तर नव्हेच! मागे एका ठिकाणी पत्रिकेत ‘जर्मन साधूंचे जीवन’ छापलेलं, अर्धा हॉल भजन असेल म्हणून आला आणि मध्यंतरात गेला. कॅनन म्हणजे कॅथीड्रलच्या, बिशपच्या मुख्य चर्चच्या, मंडळाचा सभासद, स्वतःचं घर, नोकरचाकर, जमिनीचं उत्पन्न, म्हणजे आपल्याकडचं वतनच जवळजवळ. जर्मनीतल्या माइन्झ शहरात या मंडळात शिरायला आधी वाडवडील खानदानी असल्याचं सिद्ध करायचं. थोरल्याला गढी, धाकट्याला चर्चमधली खुर्ची, असा हिशोब. आणि वरची दीक्षा घेतली नसेल तर थोरला निपुत्रिक वारल्यावर खुर्ची सोडून लग्नही करता यायचं.

माझं म्हणणं एवढंच, की गैरहजेरी हाच यांचा खरा धंदा. रोजची प्रार्थना गायची कोणी? व्हिकरनं, म्हणजे त्याच्या बदली पाद्र्यानं. कॅननसाहेबांनी निदान अधूनमधून तरी यावं म्हणून शेवटी हजेरीभत्ता, हो, देवळात हजर राहायचा भत्ता! हसताय काय, आपल्याकडे मीटिंगला वडे ठेवतातच की.

आता आमचा लाडका माणूस, बर्नहार्ड फोन ब्रायडेनबाख. 1450 पासून माइन्झचा कॅनन. 1483 च्या एप्रिलमध्ये जेरुसलेमला निघाला, बरोबर योहान फोन सोल्म्स नावाचा तरुण काउंट, फिलिप फोन बिकन आणि मुद्दाम एक चित्रकार, एरहार्ड रॉयविख. फोटोग्राफर घेऊन यात्रेला जाणारे आजचेच नाहीत! व्हेनिसहून गलबत, जेरुसलेम, मग सिनाईचं वाळवंट, आणि परतीच्या वाटेवर बिचारा सोल्म्स अलेक्झांड्रियात वारला. 1486 ला माइन्झमध्ये पुस्तक छापलं, त्यात व्हेनिसचं चित्र दीड मीटरहून लांब, घडी उलगडत बसायचं. एका पानावर प्राणी आहेत, जिराफ, मगर, उंट, त्यांच्यातच एक शिंगाचा घोडाही, आणि खाली बिनधास्त लिहिलंय की पवित्र भूमीत पाहिले तसेच काढलेत. उंटाचा लगाम धरून काठी घेतलेलं एक माकडासारखं काहीतरी उभंय, त्याच्यापाशी लिहिलंय, नाव माहीत नाही. मला तो चित्रकार इथेच आवडला, घोड्याला शिंग फुटलं तरी डगमगला नाही, माकडापाशी मात्र प्रामाणिक झाला.

किती? पाच मिनिटं? अहो मूळ विषय राजकारण होता! पटकन सांगतो. माइन्झचा आर्चबिशप म्हणजे पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट निवडणाऱ्या सातांपैकी एक, आणि त्याला निवडणार हे कॅनन, म्हणून त्या खुर्चीला एवढा भाव. 1459 ला त्यांनी डीटर फोन इझेनबुर्ग निवडला, पोपशी पैशावरून वाजलं, पोप पायस दुसरा यानं 1461 ला त्याला काढून आडोल्फ फोन नासाऊ बसवला, आणि 28 ऑक्टोबर 1462 ला आडोल्फच्या माणसांनी शहर लुटलं. शहराचं स्वातंत्र्य गेलं, छापखानेवाले पांगले. 1475 ला आडोल्फ वारला, तर कॅननांनी परत डीटरलाच निवडलं!

बर्नहार्ड परतल्यावर डीन झाला, म्हणजे या सगळ्या दांडीबहाद्दरांच्या शिस्तीवर लक्ष ठेवायचं काम त्याच्याकडे. बरं, चहा आला वाटतं.