मोज्याची टाच आणि धाग्याचा पीळ

मोजे विणायला धागा घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘यात नायलॉन किती टक्के?’ प्रश्न चुकीचा नाही, पण तो जरा उशिरा विचारायला हवा. पीळ सैल असेल तर २५ टक्के नायलॉन असूनही टाच लवकर विरते. घट्ट पिळाची, नायलॉनचा अंशही नसलेली लोकर मात्र पुष्कळ दिवस टिकते. नायलॉनचे स्टॉकिंग्ज अमेरिकेच्या बाजारात सर्वत्र विक्रीला आले ते १९४० मध्ये. हाताने विणलेले लोकरी मोजे त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या पायात आहेत.

मोजा फाटतो म्हणजे नेमके काय होते, ते आधी पाहू. ताण बसून धागा तटकन तुटला, असे क्वचितच घडते. घासताना एखाद्या तंतूचे टोक बाहेर ओढले जाते. अशी पाच-पंचवीस टोके एकमेकांत गुंतली की बारीक गोळा तयार होतो. गोळा गळून पडतो आणि जाताना धाग्यातली थोडी लोकर घेऊन जातो. हे पुन्हा पुन्हा घडते, धागा बारीक होत जातो आणि एके दिवशी टाचेला जाळी दिसू लागते. तेव्हा तंतूला धाग्यातून निसटू न देणे, हाच टिकाऊपणा. तंतूची लांबी, पीळ, पदर (एकत्र पिळून धागा बनवणारे सुटे बारीक धागे) आणि वीण या चारही गोष्टी तेच काम करतात. अंगठ्याच्या नखाने पडणारे भोक हा वेगळा प्रकार आहे. त्यावर नख कापणे हाच इलाज, त्याचा दोष धाग्याला देऊ नका.

तंतू लांब असेल तर तेवढ्याच धाग्यात टोके कमी, म्हणजे निसटायला वाव कमी. मेरिनो जातीच्या मेंढीचा तंतू साधारण १८ ते २२ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा आणि बहुधा ६ ते १० सेंटिमीटर लांब असतो. गळ्याला तो फार छान लागतो, टाचेखाली मात्र लवकर हार मानतो. ब्लूफेस्ड लेस्टर या मेंढीची २४ ते २८ मायक्रॉनची, मेरिनोपेक्षा लांब तंतूची आणि तरीही मऊ लोकर आहे. रोमनी मेंढीची आणखी जाड, आणखी दणकट. साउथडाउन आणि सफोक या जाती नियमाला अपवाद आहेत. त्यांचे तंतू आखूड, पण अंगच्या कुरळेपणामुळे स्प्रिंगसारखे असतात. दाबले तरी उसळून परत येतात आणि लोकर सहसा गोठून नमद्यासारखी होत नाही. मोहेअर, म्हणजे अंगोरा शेळीची लोकर, लांब, गुळगुळीत आणि चिवट असते. लोकरीत २०-३० टक्के मिसळले तर ते नायलॉनची जागा बऱ्यापैकी भरून काढते.

बाकीचे तंतू झटपट उरकू. कॅशमीअर, म्हणजे शेळीची मऊ आतली लोकर, आखूड आणि नाजूक, ते घरात झोपताना घालायच्या मोज्यांपुरते ठेवा. सुताला ताणून परत येण्याची सवय नाही, त्यामुळे मोजा ढिला पडून बुटात गोळा होतो. बांबूच्या नावाने विकला जातो तो धागा बहुधा व्हिस्कोज, म्हणजे लगद्यापासून रसायनांनी बनवलेला तंतू असतो. ओला झाला की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते, आणि घामेजलेला पाय म्हणजे ओलावाच. अ‍ॅक्रिलिक घाम शोषत नाही.

आता पीळ. हे लेबलावर छापलेले नसते, बोटांनीच वाचावे लागते. धाग्याचे टोक अंगठा आणि तर्जनीत धरून वीसेक वेळा चोळा. लगेच केसाळ झाले तर टाचेवरही तेच होणार. मग धागा उलटा फिरवून पदर मोकळे करा आणि एकच पदर दहा सेंटिमीटर अंतरावर दोन हातांत धरून हळू ओढा. चांगला पिळलेला पदर ताण घेतो आणि शेवटी खाडकन तुटतो. सैल पदर आवाज न करता लांबत जातो आणि कापसाच्या पेळूसारखा सुटतो. यात एक खोच आहे. पदर ज्या दिशेने कातलेले असतात, त्याच्या उलट दिशेने ते एकत्र पिळलेले असतात. त्यामुळे तुम्ही पदर सुटे करता तेव्हा प्रत्येक पदरात थोडा पीळ वाढतो. म्हणजे ही परीक्षा मुळातच सोपी आहे. तरीही जो पदर निसटला, तो धागा मोज्यासाठी घेऊ नका, रंग कितीही मोहात पाडो.

एकपदरी धाग्याचा मोजा विणू नये. दोनपदरी चालतो, पण त्याचा काप चपटा असतो. तीन-चार पदरांचा धागा गोल भरतो आणि त्यातला प्रत्येक तंतू शेजारच्या पदरांत दाबला जातो. लेबलावरचे ‘४ प्लाय’ मात्र अनेकदा केवळ जाडीचे नाव असते. खरे पदर उकलून मोजा.

सुपरवॉश, म्हणजे मशीनमध्ये धुता येणाऱ्या लोकरीवर बहुधा क्लोरीनची प्रक्रिया करून तंतूवरच्या बारीक खवल्यांच्या कडा बोथट केलेल्या असतात आणि वर रेझिनचा पातळ थर दिलेला असतो. म्हणून ती मशीनमध्ये गोठत नाही. पण त्याच गुळगुळीतपणामुळे तंतू सहज सरकतात आणि धुतल्यावर मोजा वाढतो. अशा लोकरीचा छोटा नमुना चौकोन विणून, धुऊन, वाळवून मगच त्याचे टाके मोजा. नायलॉन, म्हणजे लेबलावरचे पॉलिअमाइड, २० ते २५ टक्के पुरे. लोकर झिजली तरी ते आत तग धरते. म्हणूनच जुन्या मोज्याच्या टाचेला कधी कधी नुसती नायलॉनची जाळी उरलेली दिसते.

सगळ्यात जास्त चुका विणीत होतात. मोज्यांचा नेहमीचा धागा १०० ग्रॅमला सुमारे ४०० मीटर भरतो. लेबलावर १० सेंटिमीटरला २८ ते ३० टाके लिहिलेले असतात. तळव्यासाठी ते सैल आहे. २ किंवा २.२५ मिलिमीटरच्या सुयांवर ३२ ते ३६ टाके बसवा. सैल विणलेला जाड धागा घट्ट विणलेल्या बारीक धाग्यापुढे टिकत नाही. तळव्याचा घेर २४ सेंटिमीटर असेल तर त्यातून दहा टक्के वजा करा, उरले २१.६. सेंटिमीटरला ३.२ टाक्यांच्या हिशोबाने ६९ येतात, चारने भाग जावा म्हणून ६८ घ्या. मोजा ढिला झाला तर बुटात सरकून घासतो. फार तंग झाला तर वीण ताणून विरळ होते.

टाचेचा पडदा निम्म्या, म्हणजे ३४ टाक्यांवर. सुलट बाजूने एक टाका न विणता उतरवायचा, एक सुलट विणायचा. उलट बाजूने पहिला उतरवून बाकी सगळे उलट. अशा ३४ ओळी. उतरवलेल्या टाक्यांमागून धागा आडवा जातो आणि दुहेरी थर तयार होतो. मात्र हा पडदा टाचेच्या मागे बसतो. टाचेखाली, जिथे सगळे वजन पडते, तिथे तो पोहोचतच नाही. म्हणून टाच वळवताना आणि चवड्याखाली लोकर-नायलॉनचा बारीक जोडधागा सोबत विणा, तोही न ओढता. त्याने वीण जाड होईल, पण सुई बदलू नका.

धुताना प्रोटीझ एन्झाइम असलेली पावडर टाळा. लोकर प्रथिनाचीच असते, तिलाही ते खाते. मोजे विणून संपले की ५-१० ग्रॅम लोकर राखून ठेवा आणि तिची छोटी लडी मोज्यांबरोबरच धूत जा, म्हणजे रंग सारखा उतरेल. दर दोन-तीन धुण्यांनंतर मोज्यात मूठ घालून उजेडासमोर धरा. जिथून उजेड झिरपतो तिथे अजून भोक नसते, टाके शाबूत असतात. बोथट सुईत राखलेली लोकर ओवून त्याच टाक्यांच्या वाटेने फिरवत जा, आणि विरलेल्या भागाच्या चारही बाजूंना दोन-दोन टाके पुढपर्यंत, चांगल्या विणीत, न्या.